राखण्याची पावलं

१२ जानेवारी

चि. ठकीस, दादाचे अ. उ. आ.

तुझं पत्र परवा दुपारी पोचलं. दुकानात शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता, तरी मशीन थांबवून घरी आलो आणि अप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं. फोनवर त्यांना निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं ते स्वतःच्या मनाचं ऐकतात. त्यामुळे तू अजून पत्रं लिहितेस याचं मला फार बरं वाटतं.

आपण ज्या पुस्तकावर वाढलो त्याचा चित्रपट निघतोय आणि त्यातला सात फाटकं राखणारा केसाळ राखण्या घडवायचं काम माझ्या बहिणीकडे आलंय, हे मी त्या दिवशी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होतो. त्या भरात एका सज्जनाची बाही अर्धा इंच आखूड कापली. त्यांना म्हटलं, हल्ली अशीच चालते. ते बिचारे खूश होऊन गेले.

अप्पांनी तुझं ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता आपल्या जुन्या पेढीवर जाऊन सगळ्यांना सांगून येतील. पण चहा होईपर्यंत त्यांचं मन बदललं. म्हणाले, ठकीचं कौतुक आहे, पण मी तो चित्रपट बघणार नाही. आवडत्या पुस्तकांवरचे दोन चित्रपट त्यांनी तरुणपणी पाहिले होते. दोन्ही वेळा मनातली माणसं घर सोडून गेली आणि भाड्याची माणसं तिथे राहायला आली, ती आजतागायत हलली नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

मी वाद घातला नाही. पण तुला सांगायला हवं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले की उजवा डोळा गेल्यातच जमा आहे आणि डाव्याने या वर्षअखेरपर्यंत मोठ्या वस्तू दिसतील. पुढे फक्त उजेड आणि सावली. तू इतकी वर्षं राक्षस, भुतं आणि दातांच्या जाहिरातीतले किडे घडवलेस, त्यातलं अप्पांनी काहीच पाहिलेलं नाही. हा चित्रपट हुकला तर तुझ्या हातचं काम ते कधीच बघणार नाहीत. ही एकच गोष्ट मला घोर लावून बसली आहे.

आता माझं गाऱ्हाणं. तू लिहितेस की दरबाराचं प्रकरण गाळलं आणि दोन आत्यांची एकच आत्या केली. ठके, आत्या दोन आहेत. एक रागावते आणि दुसरी समजूत काढते. एकच बाई दोन्ही करायला लागली तर तिला आई म्हणतात. तुमच्या त्या दिग्दर्शिका बाईंना हे कुणीतरी सांगा.

निदान राखण्याच्या पावलांचा आवाज तरी बिघडवू नका. जेवणं झाल्यावर अप्पा वाचायला बसायचे, कंदील घेतलेली मुलगी धुक्यात हरवलेल्या भावाला शोधायला दलदलीत शिरायची आणि तिच्या मागून ते सुरू व्हायचं. खर्रर्र, खर्रर्र, मग जरा थांबून पुन्हा. स्वयंपाकघरात आई पिठाचा डबा फरशीवर ओढायची हे आपल्याला ठाऊक होतं, तरी तू पांघरूण डोक्यावर घ्यायचीस आणि मी तुझ्यापेक्षा मोठा असल्यामुळे फक्त नाकापर्यंत घ्यायचो. आई गेली, पण डबा अजून आहे. त्यात आता छत्र्या ठेवतो.

वहिनी आठवण काढते. लोभ आहे तो आहेच, शिवणीत वाढ धरून ठेवली आहे, लागेल तशी उसवून घे.

तुझा दादा


३ फेब्रुवारी

ती. दादास, धाकटीचा सा. न. वि. वि.

आत्यांचं तुझं वाक्य मी आमच्या बाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, तुमच्या भावाचं बरोबर आहे, म्हणूनच ती एक बाई आम्हाला हवी आहे. पुस्तकातल्या मुलीला आई नाही, चित्रपटात ती कुठेतरी दिसायला हवी.

सगळे त्यांना मागून हेडबाई म्हणतात. पुस्तक सतत काखेत. मुखपृष्ठ चिकटपट्टीने इतकं जोडलंय की मूळ कागद कुठे आहे ते शोधावं लागतं. सकाळी काम सुरू करण्याआधी त्या दिवशीचं पान सगळ्यांना वाचून दाखवतात, अगदी दिव्यांच्या तारा ओढणाऱ्यांनासुद्धा. प्रकरणंच्या प्रकरणं त्यांनी स्वतःच्या हाताने गाळली आहेत. पण गाळताना चेहरा असा असतो की आपल्यालाच त्यांना पाणी द्यावंसं वाटतं.

आमची कार्यशाळा म्हणजे जुनं गोदाम आहे. फोन फाटकावर जमा करावे लागतात, चित्रं बाहेर फुटू नयेत म्हणून. आत माती, तार, फोम, गोंदाचा वास. राखण्याचा एकेक केस चिमट्याने रोवते आहे. मान अशी आखडते की घरी गेल्यावर कुणी डावीकडून हाक मारली तर मी सगळीच्या सगळी वळते.

आवाजाची काळजी करू नकोस. त्याच्यापासूनच तर सुरुवात केली. उजवा पाय जड केलाय, तो ओढत चालतो आणि प्रत्येक दोन पावलांनी क्षणभर थांबतो. पूर्ण अंगाचा तोल त्या पायावर बेतलाय. दुसऱ्या खात्यातले लोक मुद्दाम बघायला येतात. मी कुणाला सांगितलं नाही की हा पाय म्हणजे आपला पिठाचा डबा आहे.

हे अप्पांना दोनदा वाचून दाखव. आणि म्हणावं, भाड्याची माणसं नाहीत, घरचीच आहेत. यावंच लागेल.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ठकी


२४ फेब्रुवारी

चि. ठकीस, अ. उ. आ.

पायाचं वाचल्यावर अप्पा नुसते छत्र्यांच्या डब्याकडे बघत राहिले. चित्रपटाला यायचं मात्र अजून नाहीच म्हणतात. पण रोज अकराला दारात उभे असतात. विचारलं तर म्हणतात, हवा खातोय. टपाल येऊन गेलं की हवा संपते.

तुझ्या हेडबाईंचा मला राग यायचा थांबला आहे. गेल्या आठवड्यात अप्पांचा जुना कोट आटवायला घेतला, कारण ते आता त्यात हरवतात. कोट उसवून टेबलावर पसरला आणि मनात आलं की मीही हेच करतोय. अंगावर बसायचा तर कापड कमी होणारच. बाजू आत घेतली, बाही कमी केली, एक खिसा गेला. खांदा मात्र तसाच ठेवला. खांदा हलला की मग तो कोट त्या माणसाचा राहत नाही. तुमच्या बाईंना पुस्तकाचा खांदा कुठे आहे हे ठाऊक असेल, तर बाकीची कापाकापी मी सोसेन.

आणखी एक. सकाळी प्रार्थनेला डोळे मिटून बसतो तेव्हा समोर काहीच रूप नसतं, आणि मला ते तसंच आवडतं. पण ज्यांना मूर्ती लागते त्यांची भक्ती कमी असते असं मला कधी वाटलं नाही. निर्गुणाला कुणीतरी हात, पाय, डोळे द्यायचं धाडस करतो, म्हणून लहान मुलाला नमस्कार कुणाला करायचा ते कळतं. तू तेच करते आहेस. सांभाळून कर, एवढंच.

मान शेकत जा. आमची आठवण धाग्यासारखी सुईत ओवून ठेव.

तुझा दादा


१८ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

आधी सगळ्यांची खुशाली. माझी मान बरी आहे, नवं खोकं भरून केस आले आहेत, त्यांचा रंग थेट आपल्या जुन्या घोंगडीसारखा आहे. हे सगळं अप्पांना वाच. यापुढचा परिच्छेद वाचू नकोस.

काल हेडबाई राखण्या बघायला आल्या. मी कळ दाबून त्याला चार पावलं चालवून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाईंनी नाही. त्यांनी शांतपणे विचारलं की हा पाय पुस्तकात कुठे आहे. मी म्हटलं, दलदलीच्या प्रकरणात. त्यांनी काखेतलं पुस्तक उघडून माझ्या हातात दिलं आणि वाचायला सांगितलं. दादा, तिथे लिहिलंय की राखण्या इतका हलका चालत असे की गवताचं पातं वाकत नसे, त्याच्या पावलांचा आवाज कधीच कुणी ऐकला नाही, म्हणून तो रात्रभर आपल्या मागे होता हे त्या मुलीला शेवटपर्यंत कळलं नाही. मी तीनदा वाचलं. तेव्हा लक्षात आलं की हे पुस्तक मी जन्मात पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांनी वाचतेय. आजवर फक्त ऐकलं होतं. तूही ऐकलंच आहेस ना? आई गेल्यावर अप्पांनी ते कपाटात ठेवलं आणि आपल्यालाही कधी काढावंसं वाटलं नाही. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मी याच वाक्यासाठी हा चित्रपट करतेय, बाकी काहीही मागा. दीड महिन्यात नवी चाल जमली नाही तर काम दुसऱ्या कार्यशाळेकडे जाईल, हेही त्यांनी खरं तेच सांगितलं. काम जाईल याची भीती आहेच. पण त्याहून वाईट हे की माझ्याकडे दुसरा राखण्याच नाही. होता तो आवाज होता. तो काढला तर हातात नुसते केस उरतात. आणि अप्पांना काय सांगायचं? मनातली माणसं बदलतील म्हणून ते हटून बसलेत, आणि आपल्या घरातलंच पुस्तक वेगळं निघालं.

इथून पुन्हा मोठ्याने वाच. वहिनीला सांग की तिने पाठवलेलं मलम उत्तम आहे. माया असू दे, यावेळी जरा जास्तच लागेल.

तुझी ठकी


२६ मार्च

चि. ठकीस, अ. उ. आ.

फसलो. तुझं पत्र अप्पांना वाचत होतो. केसांच्या रंगापर्यंत आलो, परिच्छेद ओलांडला आणि थेट वहिनीच्या मलमावर उतरलो. मला वाटलं, सफाईने जमलं. अप्पांनी डोळे न उघडताच सांगितलं की तू काहीतरी गाळलंस. मी म्हटलं, छे. ते म्हणाले की गाळणारा आधी श्वास घेतो आणि मग नको तेवढ्या उत्साहाने पुढचं वाचतो. मलमाचं एवढं कौतुक कुणी करत नाही. आणि मग म्हणाले, मला कळतं, कारण मी ते कित्येक वर्षं केलंय.

मी गाळलेलं सगळं वाचून दाखवलं. मला वाटलं, दुखावले जातील. ते हसायला लागले. इतके हसले की तुझी वहिनी पाणी घेऊन आली.

हसू ओसरल्यावर त्यांनी सांगितलं. पहिल्यांदा ते प्रकरण वाचताना, त्या वाक्यावर यायच्या आतच स्वयंपाकघरातून डबा ओढल्याचा आवाज आला. आई भांडी आवरताना ऐकत होती, तिला आपल्याला घाबरवायची लहर आली. आपण दोघं पांघरुणात. अप्पांनी पुढचं वाक्य पाहिलं, आपली तोंडं पाहिली आणि ते वाक्य सोडून दिलं. मग दर वेळी सोडत गेले. आत जाऊन तुमच्या आईला कोण सांगणार की लेखकाला हे मान्य नाही, असं त्यांनी मलाच विचारलं. मी तरी सांगितलं नसतं.

नंतर आपणहून बोलू लागले. म्हणाले, डबा हा तिचा खेळ होता, तिची चाल तशी नव्हती. चाल पुस्तकातल्यासारखीच होती. आपण झोपलो की ती आपल्याला बघायला यायची, हे तुला ठाऊक होतं? मला नव्हतं. आधी चवडा टेकायचा, मग टाच. कमरेच्या किल्ल्या वाजू नयेत म्हणून चालताना त्या मुठीत धरायची. पांघरूण सारखं करायची आणि तशीच मुठीत किल्ल्या धरून परत जायची. अप्पा जागे असायचे म्हणून त्यांना माहीत. त्यांनी कपाटातून पुस्तक काढायला लावलं आणि माझ्याकडून वाचून घेतलं की राखण्याच्या गळ्यात सात फाटकांच्या सात किल्ल्या आहेत. हे तू ऐकलं आहेसच, ते त्यांनी कधी गाळलं नव्हतं.

मी ते आवाजाचं वाक्य स्वतः वाचलं. ठके, मी रोज पहाटे डोळे मिटून बसतो आणि आजवर मागे एकदाही पाऊल वाजलेलं नाही. तरी कुणीतरी आहे या भरवशावर उठून दुकान उघडतो. लेखकाला हे कुठून कळलं कोण जाणे. त्या वाक्यापुढे मी हात जोडले. तुमच्या बाईंना खांदा बरोबर सापडलाय.

आता रडत बसू नकोस. पाय उसव आणि पुन्हा शीव.

अप्पांनी मुद्दाम लिहायला सांगितलंय की आई किल्ल्या डाव्या मुठीत धरायची, उजव्या हाताने पांघरूण ओढायची. मायेचं तू मागितलंस तर यावेळी ताग्यातूनच फाडून पाठवतोय.

तुझा दादा


२९ एप्रिल

ती. दादास, सा. न. वि. वि.

जमलं! आधी चवडा, मग टाच. पाऊल टेकताना पंजा थोडा पसरतो आणि गवत दोन बोटांमधून वर येतं, वाकत नाही. त्यासाठी किती पंजे मोडले ते विचारू नकोस. आणि गळ्यातल्या किल्ल्या डाव्या मुठीत.

हेडबाईंनी एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि खुर्ची मागवून तिसऱ्यांदा बसून पाहिलं. कुणाची चाल आहे, विचारलं. मी म्हटलं, आमच्या आईची. मग त्यांचा नेहमीचा प्रश्न, मूठ पुस्तकात कुठे आहे. मी म्हटलं, कुठेच नाही. त्या पानं चाळत राहिल्या. शेवटी पुस्तक मिटून म्हणाल्या की सात किल्ल्या आहेत आणि आवाज नाही, म्हणजे त्या कुणीतरी धरल्याच असणार. मी इतक्या वेळा वाचलं आणि मला हे कधी दिसलं नाही, असंही म्हणाल्या. दादा, असं म्हणणाऱ्या माणसासाठी मी जन्मभर केस रोवीन.

चित्रपट नोव्हेंबरात लागेल. तेव्हा मी दुसऱ्या कामावर लांब असेन, यायला जमणार नाही. पण तिकिटं पाठवीन. अप्पांना माझ्यातर्फे एवढंच विचार: मूठ बरोबर जमली की नाही, हे त्यांच्याशिवाय दुसरं कोण सांगू शकेल?

वहिनीला, आणि छत्र्यांच्या डब्यालाही नमस्कार. माझ्यावर नजर असू द्या, मागून असली तरी चालेल.

तुझी ठकी


१० नोव्हेंबर

चि. ठकीस, दादाचे आणि अप्पांचेही अ. उ. आ.

काल दुपारच्या खेळाला जाऊन आलो. अप्पा आले. नुसती मूठ तपासायला जातोय, चित्रपट बघायला नाही, असं दारातून निघताना बजावलं. आटवलेला कोट घातला होता. नीट दिसावं म्हणून पुढून तिसऱ्या रांगेत बसलो.

तुमची एक आत्या आली. रागावली आणि मग दाराआड जाऊन मुलीच्या शिदोरीत गुपचूप आणखी एक भाकरी ठेवली. अप्पा माझ्या कानात म्हणाले, दोन्ही आल्या की. दरबार नव्हता, त्यांना आठवलाही नाही. मी पडद्याइतकाच त्यांच्याकडे बघत होतो. भाड्याचं कुणी येतंय असं चेहऱ्यावर दिसलं नाही.

मग दलदल. कंदील, धुकं, मुलीचा श्वास, बाकी काही नाही. इतकं मोठं सभागृह असं गप्प झालेलं मी प्रार्थनेतही पाहिलेलं नाही. आणि तिच्या मागे, धुक्याहून जरासा दाट असा तो उभा राहिला. ठके, तो आपला होता. मी त्याला आधी कधीही पाहिलं नव्हतं आणि तरी ओळखलं.

पण अप्पांना तो दिसत नव्हता. धुक्यात धूसर आकार, त्यांच्या डोळ्याला सगळं एकच पांढरं. आवाज नाही, मग कळणार कसं? त्यांनी माझी बाही ओढली आणि विचारलं, आला का रे? त्यांची काठी माझ्या गुडघ्यांपाशी होती. तिच्या टोकाला लोखंडी टोपण आहे. ते मी फरशीवर टेकवलं आणि ओढलं. खर्रर्र, खर्रर्र. थांबलो. पुन्हा दोनदा.

अप्पांनी माझी बाही सोडली आणि ते खुर्चीत मागे टेकले.

तेवढ्यात पडदाभर तो पंजा आला, कंदिलाच्या उजेडात, किल्ल्या गच्च धरलेला. तो त्यांना दिसला. अगदी स्वच्छ दिसला. डाव्या, असं ते मोठ्याने म्हणाले, डाव्या मुठीतच धरल्यात!

मागे बसलेल्या तरुण माणसाचा धीर इथे सुटला. त्याच्या मांडीवर पुस्तकाची प्रत होती, म्हणजे तोही आपल्यातलाच. पुढे वाकून तो म्हणाला की आजोबा, काठीचा आवाज करू नका हो, पुस्तकात इथे राखण्याचा अजिबात आवाज होत नाही.

अप्पा सावकाश मागे वळले. तुमचं अगदी बरोबर आहे, म्हणाले, पुस्तकात नाही. पण माफ करा, आमच्या प्रतीत आहे.

तुझा दादा